गाजूल काका आणि टँकरचं बटण

आज तुमच्या नळाला पाणी येणार नाही, ही बातमी सगळ्यांत आधी कुणाला कळावी? तुम्हाला की टँकरवाल्याला?

प्रश्न सोपा वाटतो. पण सोलापुरात याच प्रश्नावरून आमचा गट फुटायच्या बेताला आला होता, आणि त्या भांडणाच्या मधोमध गाजूल काका बसले होते.

काकांचा नळ कायम उघडा असतो आणि त्याच्याखाली स्टीलचं ताट उपडं घातलेलं असतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशीही कधी येईल याचा नेम नसतो. ताटावर पहिला थेंब वाजला की काका असतील तसे उठतात, धारेखाली मनगट धरतात आणि मगच मोबाइलवर ‘आलं’ दाबतात.

‘आलं’ हे आमच्या ॲपमधलं बटण. आपल्या भागात पाणी आलं की ते दाबायचं, म्हणजे कामावर गेलेल्यांना कळतं. आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून हे ॲप फुकट चालवतो. कोड कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. रविवारी नवी पेठेत एका मित्राच्या कापड दुकानाच्या माळ्यावर जमतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या काकांना कोड लिहिता येत नाही, पण आम्हाला तपासण्याचा हक्क त्यांनी स्वतःच घेतलाय. काहीही नवीन दाखवलं की विचारणार, “हात लावून बघितलास का बे?” भजी गरम आहेत म्हटलं तरी हेच.

एकदा आमच्या स्वप्नीलनं नळातून नुसता सूं आवाज ऐकला आणि ‘आलं’ दाबून टाकलं. अख्खी गल्ली कामं सोडून घरी धावली. नळातून आली फक्त हवा. काकांनी स्वप्नीलला घरोघर नेऊन माफी मागायला लावली. प्रत्येक घरी त्याला चहा घ्यावा लागला, हीच त्याची शिक्षा ठरली.

ॲपच्या तळाशी अडचणीसाठी काकांचाच नंबर आहे. त्यामुळे निम्मे लोक ॲप उघडतच नाहीत, थेट काकांना फोन लावतात. “मी काय टाकी हाय का?” असं काका करवादतात, पण फोन पहिल्या रिंगला उचलतात. पाण्यावरून बोलणं गुडघ्यांवर जातं, गुडघ्यांवरून सुनेवर. काका कधी मराठीत, कधी तेलुगूत ऐकत राहतात.

मग सर्व्हरचं भाडं थकलं. ॲप कधीही बंद पडेल म्हणून मी सारखा मोबाइल चाळायचो. अशात पाण्याचे टँकर पुरवणारी एक कंपनी मदतीला आली. भाडं ते भरणार, ॲप सांभाळायला स्वप्नीलला पगार देणार. बदल्यात ॲपमध्ये ‘टँकर मागवा’ हे बटण हवं. स्वप्नील म्हणाला, यात वाईट काय? इथंच पगार मिळाला तर पुण्याला जावं लागणार नाही. काका म्हणाले, “नळ कोरडा राहिला की ज्याचा धंदा हुतो, त्याच्या हातात नळाची बातमी देऊलालास की!” मला तर कंपनीविरुद्ध वाटायला पत्रकच सुचलं. तीन रविवार भांडणात गेले. एकमेकांचे चहाचे पैसेसुद्धा कुणी देईना.

चौथ्या रविवारी कंपनीचा माणूस माळ्यावर आला. बोलायला गोड होता. म्हणाला, बटण नको तर नको. फक्त खालचा नंबर बदला. फोन आमच्या ऑफिसातल्या मुली घेतील, काकांचा त्रास वाचेल.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र त्यातला डाव दिसला. कुणाच्या घरी पाणी नाही, हे फोनवरूनच तर कळतं. त्यांना नेमकं तेच हवं होतं. हे काका आता ठणकावून सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

काका नुसतं “नको” म्हणाले.

स्वप्नीलनं विचारलं, “का पण, काका?”

 काका हळू म्हणाले, “मग मला कोण फोन करंल बे?”

माझ्याकडे मुद्दे तयार होते. एकही मांडला नाही. मी नुसता काकांच्या बाजूनं हात वर केला. माझ्यानंतर एकेकाचा वर गेला. शेवटचा हात स्वप्नीलचा होता.

ॲप आता काकांच्या घरच्या जुन्या संगणकावर चालतं. वीज गेली की तेही जातं. पुढच्या महिन्यात असेल की नाही, सांगता येत नाही. स्वप्नील पुण्यात खोली शोधतोय.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्याकडे पाणी आलं की ‘आलं’ दाबाच, पण काकांना फोनही करा. आणि पाण्याचं सांगून झालं म्हणून लगेच ठेवू नका.