काझीसाहेबांची मंडळी

मेलं, वारलं, गेलं हे शब्द काझीसाहेबांना चालत नसत. माळावर काळवीट मरून पडलेलं दिसलं की ते डोक्यावरची टोपी सारखी करून म्हणत, "पदवीधर, यांची बदली झाली."

पदवीधर म्हणजे मी. औरंगाबादला प्राणिशास्त्र घेऊन नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि वन्यप्राणी वाचवायचे या एकाच वेडानं वनखात्यात शिकाऊ म्हणून लागलो होतो. मला धाडलं तेरजवळच्या एका माळावर, वनपाल काझीसाहेबांच्या हाताखाली. दिवस बहात्तरच्या दुष्काळाचे. पहिल्या आठवड्यातच इतक्या बदल्या पाहिल्या, की प्राणी वाचवायला आलोय की पुरायला, हेच कळेना.

काझीसाहेब पन्नाशीचे, उंच, वाळलेले. चौकीत एकटेच राहत. हरणांना ते 'मंडळी' म्हणत आणि पाडसालासुद्धा अहो-जाहो करत. बोलत मात्र उर्दूत. मी कारण विचारलं.

"निजामाच्या वेळची हायेत ती. मराठी अजून पक्की न्हाय त्यांची."

"साहेब, हरीण फार तर दहा-पंधरा वर्षं जगतं. त्या वेळचं आता एकही उरलं नसेल."

"घरात बोलत असतील की," ते शांतपणे म्हणाले.

माझं शिक्षण म्हणजे चौकीच्या विहिरीतून पाणी शेंदायचं आणि माळाच्या कडेचा दगडी हौद भरायचा. कळपाची रचना, अधिवास असलं सगळं पुस्तकात राहिलं, हाताला घट्टे पडले. संध्याकाळी मंडळी पाण्यावर आली की काझीसाहेब लिंबामागून हळूच म्हणत, "आइए, तशरीफ लाइए." मी एकदा खोकलो, तर मागं वळून बघितलं त्यांनी. "पाव्हणे जेवताना असं खोकता व्हय घरी?"

वैशाखात विहिरीनं तळ दाखवला. जवळच रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. तिथल्या खडी फोडणाऱ्या बायका एका दुपारी घागरी घेऊन चौकीवर आल्या. त्यांच्यातली सरूबाई नावाची वयस्क बाई पुढं झाली.

"साहेब, आमची हीर आटली. हरणाला पाणी हाय, आन आमच्या लेकरांना न्हाय, असं ऐकलं. खरं हाय का?"

काझीसाहेबांनी एकदा हौदाकडं बघितलं. मग ते विहिरीवर गेले आणि पोहऱ्याचा दोर त्यांनी सरूबाईंच्या हातात दिला.

त्या दिवसापासून उरलंसुरलं पाणी बायकांना जाऊ लागलं आणि हौद कोरडा पडला. मंडळींना हे कुणी सांगायचं? ती रोज संध्याकाळी येत, कोरडा दगड हुंगत आणि तिथंच ताटकळत उभी राहत. कामावरच्या कुत्र्यांना हे कळायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी त्यांनी हौदापाशीच एका गाभण मादीला फाडलं. आम्ही काठ्या घेऊन पोचलो तोवर उशीर झाला होता. त्या दिवशी काझीसाहेब बदलीबद्दल काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी ते हौदापाशी दगडांचा ढीग घेऊन बसले. कळप दिसताच उठले आणि दगड भिरकावू लागले. एकही लागू दिला नाही, पण तोंडानं शिव्या चालल्या होत्या, आणि त्याही मराठीत. कळप बिचकला, थोडा लांब जाऊन पुन्हा थांबला. ते ओरडत मागं धावले. सगळी हरणं तेरणेच्या बाजूला दिसेनाशी झाली तेव्हा ते खाली बसले.

"नदीत डबकी असतील एखाद-दोन," मी म्हणालो.

"असतील न्हायतर नसतील. इथं थांबली तर मरतील, एवढं कळतंय." मरतील हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "आमच्या घरवालीला, सकीनाला, असंच घालवलं. हैदराबादला तिच्या भावाकडं. आधीच्या चौकीला हीर न्हवती, पाण्यापायी रोज दोन कोस चालायची, रक्त पडायला लागलं पायातनं. समजुतीनं सांगून जाईना. मग लई वंगाळ बोललो. पोरीला घेऊन गेली. पत्र न्हाय तिचं."

माझ्या अंगात दोन दिवस उन्हाचा ताप होता. मी तो लपवला होता, निदान तसं मला वाटत होतं.

सकाळी काझीसाहेबांनी मला धारेवर धरलं. चहा गुळमट झाला, बूट वाजतात, एवढं शिकून साधा दोर वळता येत नाही, असल्या माणसाला ठेवून करायचं काय. "चला, निघा माकणीला आपल्या घरी. तोंड दाखवू नका पुन्हा."

मी पिशवी भरली. ते पुढं आणि मी मागं, असे आम्ही रस्त्यापर्यंत आलो. एसटी आली. मी चढलो, तरी ते खाली कंडक्टरच्या खिडकीपाशी उभं राहून माझ्याबद्दल तक्रार करत होते.

"लई आळशी माणूस हाय हा. पुढच्या शिटावर बसवा त्याला, मागं धक्के बसतात. आन सावलीची बाजू द्या."