हिरूमावशी आणि ऊन

हिरूमावशी कुणाच्याही घरात न विचारता शिरते आणि खिडक्या लावते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास झाई या समुद्रकाठच्या गावातल्या आमच्या आळीत तिची फेरी सुरू होते.

"ऊन काय जावई हाय? दारं उघडून बसलेत!"

मावशीचा जन्म बोंबील सुकवण्यात गेला. "ऊन वाळवणाला, सावली माणसाला," हे तिचं पालुपद. संध्याकाळी तीच पुन्हा येते आणि धडाधड खिडक्या उघडते. "आता वारा आलाय, घे त्याला आत."

२०१६च्या उन्हाळ्यात आमचं नवं स्लॅबचं घर झालं आणि त्याच घरात आमची लेक आली. महिन्याची पोर, अंगभर घामोळं. दुपारी पंखा नुसता गरम वारा फेकायचा आणि पोर रडून रडून लाल व्हायची. बायको तर रडकुंडीला आलेली. मी एसीचं नाव काढलं तशी मावशी भडकली.

"लाइट टिकते का इथं? आधी डोक्यावरची चूल विझव!"

चूल म्हणजे आमचा स्लॅब. रविवारी तिने मला शिडीवर चढवलं. आधी चुन्याचे दोन हात. मग वर बांबूचा मांडव आणि त्यावर नारळाच्या झावळ्या. ती खालून ओरडत होती, "स्लॅबला टेकवू नको रे! मधून वारा जाऊ दे!"

मी आपली अक्कल चालवून खिडकीला ओलं गोणपाट लावलं. मावशीने ते ओढून काढलं. "दर्याकाठची हवा आधीच भिजलेली. तिला आणखी काय भिजवतोस?" मग पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चटई बांधली.

चौथ्या दिवशी दुपारी पोर पाळण्यात शांत झोपली. तास झाला, दोन तास झाले. मावशीने लादीला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. पण जायला काही उठेना.

बायको हसून म्हणाली, "मावशी, तुझं घर तर याहून गार असेल."

"हाय ना," मावशी पाळण्याकडे बघत म्हणाली. "पोरगा वापीला राहायला गेला, तवापासून जरा जास्तीच गार हाय."

बायकोने पाळण्याशेजारी सतरंजी अंथरली. "मग दुपारची इथंच पडत जा."

आयुष्यभर सगळ्यांना हुकूम सोडणारी मावशी निमूट आडवी झाली. पाचच मिनिटांत अशी घोरायला लागली की मी घाबरून पाळण्याकडे पाहिलं.

पोर हललीसुद्धा नाही.