खुर्चीला मिळालेले गुण

कोणत्याही समाजाची प्रगती त्याच्या वक्त्यांवर अवलंबून असते, कारण बाकीचे सगळे ऐकायला बसलेले असतात. आमच्या उद्योजक व नवसंशोधक मंडळाला हे फार पूर्वीच उमगलं. म्हणून वार्षिक परिषदेत उद्योगाला अर्धा तास मिळतो, नवसंशोधनाला चहाची सुट्टी मिळते, आणि उरलेली सकाळ प्रमुख वक्त्याची असते.

यंदा वक्ता निवडायला तिघांची समिती नेमली: अध्यक्ष (प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना), खजिनदार (अध्यक्षांचे साडू) आणि मी. मी रसायनशास्त्र शिकवते. निवड शास्त्रशुद्ध दिसावी म्हणून मला घेतलं होतं. हे मला आधीच स्पष्ट सांगण्यात आलं, याबद्दल मी आभारी आहे.

अर्ज तीन आले. पहिले गृहस्थ चार कंपन्या बुडवून आता अपयशावर भाषणं देतात. हा त्यांचा पाचवा व्यवसाय, आणि तो उत्तम चालला आहे. दुसरे डोंगर चढतात. तिसरा अर्ज माझ्या नणंदेचा होता.

सासूबाईंनी अंथरूण धरल्यापासून त्यांना उचलता उचलता घरातल्या प्रत्येकाची कंबर एकेकदा धरून झाली होती. नणंद यंत्रदुरुस्तीत मुरलेली. तिने सायकलची साखळी, दोन कप्प्या आणि कापडी झोळी जोडून चाकांवरची एक उचलणी बनवली. आता एका हाताने दांडा फिरवला की सासूबाई पलंगावरून आरामखुर्चीत येतात आणि वाटेत सूचनाही देतात. ("हळू गं, मी काय सिमेंटची गोणी आहे?")

अशी यंत्रं बनवून विकायला तयार होईल असा कारखानदार मात्र तिला भेटत नव्हता. परिषदेला झाडून सगळे कारखानदार येतात. इकडे दूरच्या गावची एक नोकरी तिच्यापुढे होती, आणि परिषदेनंतरच्या सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

"वहिनी, एक जरी कारखानदार उठून जवळ आला ना, तरी नोकरी गेली खड्ड्यात," ती म्हणाली.

नातं असल्यामुळे तिला गुण देण्यातून मी स्वतःला वगळलं. समितीने या सचोटीची नोंद केली.

पद्धत मात्र मीच आखली. नव्या औषधाची चाचणी घेताना काही रोग्यांना नुसती साखरेची गोळी देतात. औषध त्या गोळीहून सरस ठरलं, तरच ते औषध. त्याच न्यायाने मी उमेदवारांच्या खाली चौथी ओळ घातली: व्यासपीठावर एक रिकामी खुर्ची. खुर्चीपेक्षा कमी गुण पडतील तो बाद. कल्पना निर्दोष होती. समितीने खुर्चीलाही प्रामाणिकपणे गुण दिले, एवढंच घडलं.

वेळेचं भान: खुर्चीला पैकीच्या पैकी. मानधनाची अपेक्षा: पैकीच्या पैकी. वादग्रस्त विधानाची शक्यता: शून्य, म्हणून पुन्हा पैकीच्या पैकी. प्रायोजकांचा आक्षेप नव्हता (डोंगरवाल्यांच्या बुटांवर होता). 'प्रेरणा' या सदरापाशी गाडी थोडी अडली.

"रिकामी खुर्ची बघून माणसाला काय वाटतं?" खजिनदार म्हणाले. "आपण तिथं बसावं. मग प्रेरणा म्हणजे आणखी काय असतं हो?"

खुर्ची पहिली आली, नणंद शेवटची. शेरा असा: 'भाषणात यंत्र फार.'

खुर्ची निव्वळ तुलनेसाठी होती, हे मी निदर्शनास आणलं.

"ताई," अध्यक्ष दुखावल्या स्वरात म्हणाले, "निकाल आवडला नाही म्हणून पद्धत बदलायची? सायन्सवाल्या ना तुम्ही?"

मी निकालपत्रावर सही केली. खुर्ची अध्यक्षांच्या कारखान्यातून आली. त्यात हितसंबंध नव्हता, कारण ती विकत घेतली नव्हती, भाड्याने घेतली होती.

घरी नणंदेने सगळं ऐकून विचारलं, "हात असलेली की बिनहाताची?"

"हातवाली. प्रमुख वक्ता आहे शेवटी."

"कोण बोलणार आहे म्हणे?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"खुर्ची, आई."

"मग लवकर आवरेल."

आवरलं नाही. ठरलेला पूर्ण वेळ प्रकाशझोत खुर्चीवर होता. सुरुवातीला लोक खोकले. मग कोणीतरी वही काढली, तशी शेजाऱ्यानेही काढली. थोड्या वेळाने टाळ्या पडल्या. (कशाला, हे मी तपासलं. पाठीमागे एकाने डास मारला होता.)

तेवढ्यात नणंद उचलणी ढकलत व्यासपीठावर आली आणि बोलू लागली. खजिनदार अडवायला धावले. तिने त्यांनाच झोळीत घेतलं, एका हाताने दांडा फिरवला आणि ते अधांतरी गेले. (खजिनदारांचं वजन मंडळात सर्वांनाच ठाऊक आहे.) समोर सगळे कारखानदार बसले होते.

"शू!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "बाई, भाषण चालू आहे ना!"

तिने खजिनदारांना अलगद खाली उतरवलं, नेमकं खुर्चीत. मग मात्र संतापाची लाट उसळली. वक्त्याच्या अंगावर बसणं कोणत्याही परिषदेत शोभत नाही. खजिनदारांनी तिथल्या तिथे माफी मागितली. नणंदेने उचलणी ढकलत घरी आणली. उठून जवळ कोणीही आलं नव्हतं. सोमवारी तिने नोकरीला हो म्हटलं.

अभिप्राय गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. वक्ता 'अंतर्मुख करणारा' असल्याचं बहुतेकांनी लिहिलं. तिसऱ्या रांगेतून 'शू' करणाऱ्यांचा अभिप्राय तेवढा यायचा होता. आसनांच्या यादीवरून परवा फोन लावला, तेव्हा कळलं की ते तुम्हीच; म्हणून हे पत्र. तुमच्या घरच्यांनी सांगितलं, वडिलांना पलंगावरून उचलताना तुमच्या कंबरेत उसण भरली आणि डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं आहे. काळजी घ्या. उचलणी एकच आहे, आणि सासूबाई ती सोडणार नाहीत. खुर्ची मात्र सध्या रिकामीच असते. म्हणाल तर पाठवते.