जबड्याला तार, दोऱ्याला गाठी

माझ्या सुनेबद्दल माझी एकच तक्रार आहे, आणि ती चारचौघांत सांगायला मी लाजत नाही. ती उलटून बोलत नाही. सांगितलं तर "बरं, आई". ओरडलं तर "हो, आई". आणि अगदीच डोक्यावर बसलं तर नुसती बघते, जशी गाय पावसाकडे बघते. लग्नाला आठ वर्षं झाली. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो, म्हणजे घरात आम्ही दोघीच. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, आणि मी आठ वर्षं एकाच हाताने वाजवतेय.

घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे, चाळीस वर्षांचं. शाळा माझी तिसरीत संपली. पण माणूस दारातून आत आला की त्याची छाती, कंबर, उंची मी टेप न लावता सांगते. त्याची दानतही सांगते, पण ती कुणी विचारत नाही. बेतायचं आणि कापायचं काम माझं. मोठ्या कातरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सून काजं-बटणं करते, इस्त्री फिरवते आणि गप्प बसते.

तर त्या दिवशी वरच्या फळीवरचं थान काढायला मी स्टुलावर चढले. आमचे हे म्हणाले, "अगं, उतर. मी देतो काढून."

मी म्हटलं, "तुम्ही काढून देईपर्यंत फॅशन..." आणि स्टूल सरकलं. कापायच्या टेबलाची कड आणि माझी हनुवटी यांची गाठ पडली. ते वाक्य अर्धं राहिलं ते राहिलंच.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "जबडा दोन ठिकाणी मोडलाय. आत पट्ट्या बसवल्यात आणि वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधलेत. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही."

"सहाच?" आमचे हे पटकन बोलून गेले. मग सगळे बघायला लागल्यावर म्हणाले, "म्हणजे, सहा पुरतील ना, असं विचारतोय मी."

घरी आलो. खाणं म्हणजे दूध, रस आणि गाळलेलं सूप, तेही नळीने. गळ्यात दोरीला एक छोटी पक्कड. जीव घुसमटला किंवा उलटी आली तर तार तोडायची, एरवी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी तीन वेळा बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी हे दाढी करताना गाणं गुणगुणत होते. चाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं की यांना गाणं येतं.

तिसऱ्या दिवशी वन्सं आल्या. माझी धाकटी नणंद. दोन पिशव्या आणि स्वतःची उशी घेऊन. स्वतःची उशी घेऊन आलेला पाहुणा लवकर जात नसतो.

"वहिनी, तुम्ही नुसत्या पडून राहा," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनातलं मला न बोलता कळतं."

हीच भीती होती.

वही-पेन्सिल दिली होती, पण माझा हात आकड्यांचा. अक्षर काढायला मला वेळ लागतो. मी पहिला शब्द पुरा करेपर्यंत वन्सं अख्खं वाक्य सांगून मोकळ्या व्हायच्या. मग सुनेनं स्टीलचा पेला आणि चमचा आणून ठेवला. पेल्यावर एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. साधी सोय. पण वन्संनी तिचीही वाट लावली.

"वहिनी, पडदे बदलू का?" टण टण. "बघा, एकदा म्हणजे हो, आणि दोनदा म्हणजे हो हो! उत्साह काय दांडगा आहे या बाईचा!"

आणि पडदे बदलले. जांभळे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दातओठ खावे, तर दात बांधलेले. पक्कडीकडे दोनदा हात गेला, खोटं कशाला बोलू. शेवटी मी रिळातून लाल दोरा तोडला आणि प्रत्येक वेळी, जे उत्तर वन्संच्या तोंडावर मारायचं राहिलं, त्याची एक गाठ मारायला लागले. जांभळ्या पडद्याची एक. "वहिनी शिवायच्या बरं, पण फिटिंग जुनाट" असं गिऱ्हाइकाला सांगितलं, त्याची एक. माझ्या खुर्चीवर बसून माझं सूप चाखून "मीठ कमी आहे" म्हणाल्या, त्याच्या दोन. दहा दिवसांत वीतभर दोरा माळेसारखा झाला. तार सुटली की एकेक गाठ वाचून दाखवायची, असा माझा बेत होता.

अशात बँडमास्तर आले. जाडे, मिशीवाले, क्लॅरिनेट वाजवणारे. बँडची चोवीस माणसं, प्रत्येकाला पांढरी पाटलोण. तीन आठवड्यांत स्पर्धा. कापड त्यांनी स्वतःच आणलं होतं, जाड सुती, कोरं करकरीत. मी आतल्या खोलीच्या दारातून पाहिलं आणि पेला-चमचा घेऊन पुढे आले. असलं कापड पाण्यातून काढल्याशिवाय कापायचं नसतं. आधी भिजवायचं, वाळवायचं, जेवढं आटायचं तेवढं आटू द्यायचं, मग कातरी. नाहीतर अंगावर बरोबर बसलेली पाटलोण पहिल्या धुण्यात पोटऱ्यांवर चढते. चोवीस माणसं भर मैदानात नडग्या दाखवत उभी राहिली, तर लोक बँडमास्तरांना नाही, शिवणारीला विचारतात. चाळीस वर्षांचं नाव एका बादलीत बुडायचं.

"होईल की!" वन्सं म्हणाल्या. "मी उन्हाळी शिवणवर्ग केलाय. वहिनी, घेऊ ना काम?"

मी दोनदा वाजवलं. तीनदा वाजवलं. पेला पडेपर्यंत वाजवलं.

"बघा मास्तर, किती खूश झाल्या!"

त्या दिवशीच त्यांनी मास्तरांचं माप घेतलं, आणि माझी मोठी कातरी उचलली. माझी कातरी! मी धावत पुढे गेले. कापडाकडे बोट दाखवलं, मग पाण्याच्या माठाकडे.

"तहान लागली का?" वन्संनी पेला भरून नळी घातली. नाकारलं तर पुन्हा "हो हो" होणार, म्हणून प्यायले. परत कापड, परत माठ. परत पेला. वन्सं म्हणाल्या, "औषधांनी घसा कोरडा पडतो हो." दुपारपर्यंत सात पेले झाले. कापड कोरडं ते कोरडंच, आणि मी मात्र पुरती पाण्यातून निघाले.

संध्याकाळी मास्तरांची पाटलोण शिवून तयार झाली. बाकीच्या तेवीस दुसऱ्या दिवशी कापायच्या होत्या.

सकाळी मी ठरवलं, हातांनी बोलता येत नसेल तर बादलीने बोलू. मोरीतली मोठी बादली भरली, ओढत दुकानात आणली आणि थान त्यात लोटायला उचललं.

"अगं बाई! दादा! धावा!" वन्संनी घर डोक्यावर घेतलं. "वहिनी नवं कापड धुतायत! औषधं डोक्यात गेली यांच्या!"

हे तोंडाला साबण लावलेले तसेच धावत आले. दोघांनी मला धरलं. एक हात यांच्याकडे, एक वन्संकडे, थान जमिनीवर, आणि माझ्या तोंडातून नुसतं "म्म्म! म्म्म!" एवढी वर्षं ज्या जिभेला मोहल्ला वचकून होता, ती दातांच्या गजाआड. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सातव्या पेल्याचंच असणार.

तेवढ्यात सून पुढे आली. मला वाटलं, ही आता "बरं, आत्या" म्हणणार आणि बादली उचलून नेणार. तिनं बादली उचलली नाही. थान उचललं आणि बुडवलं. बुडबुडे येईपर्यंत खाली दाबून धरलं.

"सूनबाई! काय केलंस हे?"

"कापड पाण्यातून काढलं. आई कालपासून तेच सांगतायत. तुम्ही त्यांना सात पेले पाजलेत, आत्या. कापडाला एक पाजला असता तर एवढ्यात निम्मं वाळलं असतं."

खोलीत सुई पडली असती तर ऐकू आली असती. पडली पण, वन्संच्या हातातून.

"वहिनी मुक्या झाल्या आणि तुला वाचा फुटली होय गं?"

"कुणाला तरी फुटायलाच हवी. दुकान आहे हे, मौनव्रताचा मठ नाही."

मी हात सोडवून घेतले आणि टणकन एकदा पेला वाजवला. आणि दोऱ्याची पहिली गाठ सोडली.

सुनेनं थान पिळून मागच्या दारी दोरीवर टाकलं, तेवढ्यात बँडमास्तर आपली पाटलोण घालून बघायला आले. पडद्यामागून बाहेर आले ते मिशीत हसत. "वा! जशी अंगावरच विणलीय!" आणि मग त्यांना दोरीवरून पाणी गळणारं आपलं थान दिसलं.

"हे काय? माझा माल भिजवला? वाळायला दोन दिवस जाणार! द्या इकडे, मी दुसरीकडे देतो शिवायला."

"मी तेच म्हणत होते!" वन्सं म्हणाल्या.

"जरूर न्या," सून म्हणाली. "फक्त जाण्याआधी ती पाटलोण काढा."

"काय?"

"पडद्यामागे जाऊन काढा, मास्तर, आणि इकडे द्या. तुमची जुनी घालून बसा पाच मिनिटं."

तिनं पाटलोण बादलीत बुचकळली, पिळली आणि कडक इस्त्रीखाली धरली. वाफ छतापर्यंत. एक बाजू, दुसरी बाजू, शिवणी, कंबरपट्टी. पूर्ण कोरडी झाल्यावर परत दिली. "आता घाला."

पडद्यामागे खुडबुड झाली, धाप लागल्याचा आवाज आला, आणि मास्तर बाहेर आले. पाटलोण घोट्याच्या चार बोटं वर. बटण आणि काज यांच्यात एवढं अंतर, की मध्ये पाहुणा बसला असता. मास्तरांनी दोन्ही मुठींनी कंबर धरून ठेवली होती.

"वाजवा आता," सून म्हणाली.

"कसं वाजवू? दोन्ही हात इथे गुंतलेत."

"तेच चोवीस जणांचं झालं असतं. ढोलवाला काय दातांनी वाजवणार? कापड स्वस्त बघून घेतलंत, हरकत नाही. पण अंगावर घालायच्या वस्तूची घाई करू नये, मास्तर. घाईची शिवण आणि घाईची सोयरीक, दोन्ही उसवतात!"

मी चमचा खाली ठेवला. हे वाक्य माझं होतं! आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला ऐकवलेलं. मागोमाग दुसरं आलं, तिसरं आलं, मास्तरांना एक तर वन्संना दोन, सगळी माझी, आणि फेकसुद्धा माझीच. ही बया आठ वर्षं गप्प नव्हती. साठवत होती! ती बोलत होती आणि मी दोऱ्याच्या गाठी सोडत होते, एकेक. चमचा पुन्हा उचलला आणि प्रत्येक वाक्याला एक टण दिला. शेवटी शेवटी मास्तर मानेनं ताल धरायला लागले; सवय त्यांची.

"दोन दिवस थांबतो," ते म्हणाले. "कंबर सोडवत नाही, तोवर जाणार तरी कुठे?"

पुढचे अठरा दिवस मी खडूने आखत गेले आणि सून कापत गेली. मोठी कातरी मी स्वतः तिच्या हातात दिली. नुसतं बोट दाखवायचं, तिला कळायचं. मास्तरांची नवी पाटलोण उरलेल्या कापडात बसवली. वन्संनी काजं केली. बरी केली, खोटं बोलणार नाही. गिऱ्हाइकांना मात्र सांगत होत्या, "मीच म्हटलं सूनबाईला, आधी भिजव!"

सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी तार काढली आणि बजावलं, "आज चार-सहा शब्दच. हळूहळू वाढवा." जबडा जेमतेम बोटभर उघडत होता. घराशी आलो तर दारात चोवीस माणसं रांगेत उभी. स्पर्धेचा चषक मास्तरांच्या काखेत. पाटलोणी तीनदा धुतलेल्या, आणि एकीचीही कड बुटावरून तसूभर हललेली नाही. मला पाहताच त्यांनी अशी काही सलामी ठोकली की समोरच्या खिडक्या उघडल्या. सून दुकानाच्या पायरीवर उभी राहून मास्तरांशी हुज्जत घालत होती: "दुसऱ्या बँडचं काम घेऊ, पण कापड आम्ही बघणार, मुदत आम्ही सांगणार, आणि मध्ये लुडबुड चालणार नाही!"

वाजवणं थांबलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. दाढी करताना आज गाणं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"अगं, बोल की काहीतरी," हे म्हणाले, जरा घाबरतच.

वन्सं पुढे सरसावल्या. "वहिनींना म्हणायचंय की..."

"आत्या," सून म्हणाली, "आता त्यांना तोंड आहे."

मी कनवटीला हात घातला. दोरा होता, पण त्यात एकही गाठ उरली नव्हती. वन्संना द्यायचं सगळं देऊन झालं होतं, माझ्या आधीच. मी सुनेकडे वळले.

"फार बोलतेस हल्ली," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. मान खाली गेली. सवयीनं ओठ हलले. "बरं, आई..."

चार शब्द होते की सहा, कोण मोजतंय! मी जबडा धरला आणि बोलले:

"परत ‘बरं, आई’ म्हणालीस, तर गाठ माझ्याशी आहे!"