ठो झालं की पोळी

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि कर्नल कॉटखाली गेला. शेपटी तेवढी बाहेर राहिली, तीही थरथरत होती.

समाधान कपाळाला हात लावून बसला. कर्नल म्हणजे चांगला भरदार छातीचा, ताठ कानांचा जर्मन शेफर्ड. एका खासगी सुरक्षा कंपनीच्या श्वानपथकात तो बॅगा हुंगायचा आणि समाधान त्याचा पट्टा धरायचा. नाक अगदी सोन्याचं; पण जिथे मिरवणूक तिथे फटाके, आणि फटाका वाजला की याची सगळी कर्नलकी कॉटखाली. येत्या रविवारी मांजरी गावातल्या मैदानावर आवाजाची परीक्षा होती. नापास होणारा कुत्रा विकून टाकायचा, असा कंपनीचा शिरस्ता होता. अकोल्याहून पोटासाठी आलेल्या समाधानला पुण्यात आपलं म्हणावं असं हे एकच चार पायांचं माणूस होतं.

पथकाचे उस्ताद सुखदेव यांनी उपाय सांगितला होता. "लांबनं वाजवायचं, बारीक आवाजापासनं. जेवताना वाजवायचं. कुत्र्याला वाटलं पायजे, आवाज म्हंजे काय तरी चांगलं हाय. घाबरला तर चार पावलं मागं सरायचं. घाई न्हाई करायची."

त्याप्रमाणे समाधान स्टीलची थाळी आणि डाव घेऊन अंगणाच्या टोकाला पेरूच्या झाडाखाली गेला आणि वाजवू लागला. दोन ठोके पडतात न पडतात तोच घरमालकीण मंदाकिनीबाई मागच्या दारात उभ्या राहिल्या. विश्रांतवाडीतल्या या बैठ्या घराच्या मागच्या खोलीत समाधान भाड्याने राहत होता. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, मुख्याध्यापिका सुटली नव्हती.

"करोना परत आला का रे? मला कुणी कळवलं नाही."

"नाही नं काकू. ह्या कर्नलले आवाजाची सवय लावून राहिलो. नापास झाला तर विकतील त्याले."

बाईंनी त्याच्या खोलीत येऊन कॉटखाली वाकून पाहिलं. थरथरती शेपटी पाहून त्यांचा आवाज उतरला. "मग याला खायला कोण घालतंय?"

"मीच. पण मले हात दोनच आहेत काकू. तिथं वाजवू का इथं खाऊ घालू?"

"मग मी काय शोभेला आहे? तू तिथे वाजव. मी घालते."

झालं. काम वाटून घेतलं की सोपं होतं, असं दोघांनाही वाटलं, आणि चूक नेमकी तिथेच पेरली गेली.

पहिल्या दिवशी कर्नलने कॉटखालूनच पोळी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी नाक बाहेर आलं, मग मान, मग अख्खा कर्नल. बाईंच्या पोळीवर साजूक तूप असायचं, त्यापुढे भीती ती किती टिकणार? थाळीची जागा रिकाम्या पिंपाने घेतली, पिंपाची फुगवून फोडलेल्या पिशव्यांनी. शेजारच्या भाग्यश्रीवहिनींनी भिंतीवरून विचारलं, "काकू, पत्रे बदलताय का?"

"नाही, कुत्र्याला पान वाढलंय," बाई म्हणाल्या. वहिनी पुन्हा भिंतीशी आल्या नाहीत.

त्या दिवसांत बाईंचे यजमान माधवरावसुद्धा वेळेवर जेवत होते. एरवी त्यांच्या कानाचं यंत्र कपाटात आराम करायचं आणि बाई हाका मारून घसा बसवून घ्यायच्या. पण एवढ्या ठणठणाटात ही सुधारणा कुणाच्या ध्यानात आली नाही.

आळंदी रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला, कर्नल बाईंच्या स्वयंपाकघरात हजर. झाकण पडलं, हजर. लग्नाची वरात फटाक्यांची माळ लावत गेली, तर समाधानच्या हातचा पट्टा हिसडून कर्नल थेट ओट्याशी जाऊन बसला.

"पाहा नं काकू, भीती कुठल्या कुठं पळाली!" समाधान आनंदाने म्हणाला. पट्टाही पळाला होता, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी बाई डबा घेऊन बरोबर निघाल्या. "परीक्षेला मुलाबरोबर घरचं कुणीतरी लागतं," असं त्यांनी जाहीर केलं. मांजरीला उसाच्या फडाशेजारी मैदान होतं. कुत्री आपापल्या माणसांपाशी ओळीत बसली. बाई कडेला खुर्ची टाकून बसल्या. उस्तादांनी बिनगोळीच्या काडतुसाचं पिस्तूल वर केलं.

ठो!

एका कुत्र्याने जमिनीला अंग चिकटवलं, एकाने सूर लावला. कर्नल घाबरला नाही. तो उठला आणि सुसाट सुटला. समाधान पट्ट्यासकट थोडा वेळ मागोमाग घसरत गेला, मग नुसताच पालथा पडला. कर्नल बाईंच्या खुर्चीपुढे बसून, जीभ काढून डब्याकडे बघत होता.

"नापास," उस्ताद म्हणाले. "भ्याला न्हाई, ते खरं. पन आपला मानूस सोडून गेला. उद्या मिरवणुकीत बार उडाला आन् ह्यो पोळी हुडकत विश्रांतवाडीला गेला, तर?"

समाधान धूळ न झटकताच उभा होता. "उस्ताद, त्याची चूक नाही जी. माही आहे."

"त्याची नाही आणि तुझीही नाही," बाई पुढे झाल्या. "त्याला जे शिकवलं ते त्याने बिनचूक लिहिलं. शिकवणारी चुकली. अहो उस्ताद, आमच्या शाळेत फेरपरीक्षा असायची."

उस्तादांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनाही कधीतरी कुणीतरी मुख्याध्यापिका असणारच. "बाकीची कुत्री हू द्या. मग बघू."

बाईंनी समाधानला फडाच्या बांधाशी नेलं, डबा त्याच्या हातात दिला आणि झाकण स्वतःकडे ठेवलं. "आता मी वाजवते, तू घाल."

पहिल्या आवाजाला कर्नल बाईंकडेच धावला. त्यांनी तोंड फिरवलं. त्याने पंजा लावला, त्यांनी हात मागे घेतला. इतके दिवस लाडाने भरवलेल्या जिवाशी असं वागताना त्यांना फार जड जात होतं. पलीकडून समाधान हाक मारत होता, "ये नं बाप्पा, इकडं ये, माह्याजवळ!" कर्नल बुचकळ्यात पडला, गेला, पोळी मिळाली. पुन्हा आवाज, पुन्हा घोटाळा, पुन्हा पोळी. हळूहळू घोटाळा कमी होत गेला आणि डबाही. उस्तादांनी हाक मारली तेव्हा समाधानच्या मुठीत शेवटचा तुकडा उरला होता.

ठो!

कर्नल उठला. त्याने खुर्चीकडे पाहिलं. बाई उसाकडे बघत होत्या, जन्मात कधी ऊस पाहिला नसल्यासारख्या; डोळे मात्र भरले होते. कर्नल क्षणभर घुटमळला, वळला आणि समाधानच्या बुटावर सगळं वजन टाकून बसला. नाक मुठीत.

"पास," उस्ताद म्हणाले. "पन तूप बंद करा. बूट दबलाय त्याचा."

समाधानने कर्नलच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

संध्याकाळी बाईंनी त्याला जेवायलाच बोलावलं. पानं वाढली. "अहो, चला," त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहून हाक मारली. मग आणखी एक, मग चढ्या आवाजात. माधवरावांचं वर्तमानपत्र हललं नाही. वैतागून त्यांनी हातातला डाव थाळीवर आपटला.

ठो!

समाधानने दचकून खाली पाहिलं. कर्नल त्याच्या पायाशी शांत बसून होता, कान तेवढा हलला. बाहेर मात्र खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माधवराव लगबगीने आत आले, थेट बाईंच्या शेजारी बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तूप घातलंस ना पोळीवर?"

समाधानला हसू आवरेना. "काकू, ह्याइचीही घ्यावी लागते का फेरपरीक्षा?"

बाईंनी माधवरावांच्या पोळीवर तुपाची धार धरली.

"काही नको," त्या म्हणाल्या. "हे पास आहेत."