नळीतलं पांढरं

रायफलच्या नळीत, तोंडापासून एकतीस मिलिमीटर आत, काहीतरी पांढरं होतं. काल ते चौतीसवर होतं, परवा सदतीसवर. वरदाने आकडा वहीत लिहिला आणि कॅमेऱ्याची बारीक वायर हळूच बाहेर ओढली.

"वर येतंय," ती म्हणाली.

मोहनने टोस्ट खाली ठेवला. "काय येतंय?"

"ते कळलं असतं तर मी 'काहीतरी' कशाला लिहिलं असतं?"

ब्रिस्टलच्या त्या घरात रायफल आली ती कॉलिनमुळे. मोहनचा ऑफिसातला जुना सोबती. त्यानेच मोहनला हरणांच्या शिकारीची गोडी लावली आणि मरताना आपली रायफल त्याच्यासाठी ठेवून गेला. नळीतले आटे झिजले होते. गोळी हातभर डावीकडे जायची. उपाय दोनच. रीबोर, म्हणजे तीच नळी आतून कोरून रुंद करायची. नाहीतर रीबॅरल, म्हणजे ती काढून नवी बसवायची. नवी जास्त भरवशाची, हे मोहनला पटायचं. पण "हिला कॉलिनचा हात लागलाय गं," म्हणत तो रायफल पुन्हा कपाटात ठेवायचा. असं दोन वर्षं चाललं होतं. आता बंदुका दुरुस्त करणारा ट्रेव्हर निवृत्त होत होता. शुक्रवारनंतर तो नवं काम घेणार नव्हता, आणि आज गुरुवार होता. त्याला दाखवायला म्हणून वरदा आठवडाभर नळीचे फोटो काढत होती.

पोलादी कपाटाची किल्ली कायद्याने फक्त मोहनकडे. दोन आठवड्यांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच, त्याने नळी आरपार पुसून लख्ख केली होती.

"ऑब्व्हियस आहे, आई," रीडिंग शहरात राहणारी मायरा, त्यांची लेक, फोनच्या स्पीकरवर म्हणाली. "बाबा डिसाइड नाही करत, म्हणून कॉलिन अंकलचा घोस्ट बाहेर येते."

"दिवसाला तीन मिलिमीटरने?"

"त्याला घाई कधीच नव्हती," मोहन म्हणाला. "समोर हरीण असलं तरी अर्धा तास वारा बघायचा. खिशातून ओटचे दाणे काढायचा, हवेत उडवायचा. परत काढायचा, परत उडवायचा."

हे तो हसवण्यासाठी बोलला होता. हसलं मात्र कोणीच नाही.

ट्रेव्हरकडे जाताना रायफल ठेवलेल्या डिकीतून बारीक खरखर ऐकू येत होती. दुसऱ्या सिग्नलला मोहन मान न वळवता म्हणाला, "पोचतोच हं, कॉलिन."

वरदा खिडकीबाहेर बघत होती. एकदम ती म्हणाली, "मोहन, दसऱ्याला रायफलची पूजा केली ना आपण? तू शेजारी उभा होतास."

"हो, मग?"

"घटात रुजलेला गहू मी नळीच्या तोंडाशी खोचला होता. आणि वर पळीभर पाणी."

"पाणी? पोलादावर? तू? मटेरियल सायन्सची डॉक्टर?"

"आई घालायची," वरदा खाली बघत म्हणाली. "कपाटात रायफल उभी असते. एखादा दाणा घरंगळला असेल. कोंब काय, अंधारातही वरच चढतो."

मोहन इतका हसला की मागच्या गाडीने हॉर्न दिला. डिकीतली खरखर छत्रीची निघाली.

ट्रेव्हरने लांब चिमट्याने ते पांढरं बाहेर काढलं आणि कागदावर ठेवलं. बोटभर फिकट कोंब, खाली दाणा.

"गहू आहे," मोहनने ऐटीत सांगितलं. "आमच्या सणाचा."

"गहू?" ट्रेव्हर वाकला. "मी शेतकऱ्याचा मुलगा आहे. हा ओट आहे."

वरदाने चष्मा लावला. दाण्याला लांब टरफल होतं. गव्हाला असं टरफल नसतं. घटात तिने फक्त गहू पेरला होता. घरात ओट होते, पण डब्यातले, चपटे केलेले. ते उगवत नाहीत. तिने वही उघडली, पेन टेकवलं आणि काही न लिहिता मिटली.

दुकानाचं दार बंद होतं, वारा नव्हता. तरी कोंबाचं टोक हलकेच डावीकडे कललं.

"रीबोर केलं तर नळी हीच राहील," ट्रेव्हर समजुतीने म्हणाला. "रीबॅरल केलं तर ही मी इथेच कापून टाकीन. मित्राची आठवण आहे, मला माहीत आहे. उद्या संध्याकाळपर्यंत सावकाश विचार करून—"

"बदला," मोहन म्हणाला. "नळी बदला. आत्ता."