पांदानच्या वासाची फवारणी

गानीनं सिगारेट सोडल्याचं अख्ख्या गल्लीला माहीत होतं, कारण त्याची बायको कोन्सिंग दारापुढच्या गाड्यावर तळलेली केळी विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत असे. अटही सांगत असे. पुन्हा घरात सिगारेट ओढलेली दिसली, की पुढच्या खोलीतला ढीग भंगारवाल्याच्या गाडीत जाणार. हा ढीग म्हणजे गानीचा जीव की प्राण. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या ला पाझ भागात तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि जे दुरुस्त होत नसत ते मेलेल्या माणसाच्या कपड्यांसारखे जपून ठेवायचा. त्या खोलीत बसायला जागा म्हणून उरली नव्हती. गिऱ्हाइकं उंबऱ्यावर उभी राहून बोलत.

महिनाभर बरं चाललं. मग गानी तोंडात स्क्रू धरून चघळायला लागला. हळूहळू त्याच्या डोक्यात असं आलं, की बायकोनं बंदी घातली आहे ती सिगारेटवर. वाफेवर नाही. वाफ तर भाताच्या भांड्यातूनही रोज निघते, तिला कुणी नावं ठेवत नाही. आता पोरंटोरं गळ्यात अडकवून हिंडतात तसलं वाफेचं नळकांडं विकत आणलं असतं, तर कोन्सिंगनं ते धुण्याच्या वेळी खिशातून काढलं असतं. पण कॉम्प्युटरांच्या ढिगात आणखी एक कॉम्प्युटर कोण बघणार?

म्हणून त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातच तसली वाफेची वेप बसवायला घेतली. पुढचं सगळं अगदी शहाणपणानं झालं. लॅपटॉपच्या बॅटऱ्यांनी वाफ करणारी तार नीट तापेना, म्हणून त्यानं एक अख्खा पॉवर सप्लाय जोडला. मग तार फारच तापू लागली, म्हणून कुठल्याशा बंद पडलेल्या हापिसातल्या सर्व्हरचा दांडगा पंखा लावला. तार कोरडी पडून जळू नये म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली ग्लिसरीनची बाटली पुरती ओतली, आणि नुसत्या ग्लिसरीनला चव कसली, म्हणून कोन्सिंगच्या फडताळातला, भाताला वास यावा म्हणून ठेवलेला पांदानच्या पानांचा अर्क घातला. कोन्सिंग नोव्हेनाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेल्याचं बघून त्यानं रबरी नळी तोंडात धरली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

नळीतून काहीच आलं नाही. पंखा उलटा बसला होता. व्हायची ती सगळी वाफ डब्याच्या जाळीतून बाहेर पडू लागली आणि बघता बघता खोली पांढरी झाली. गानीनं बटण दाबलं. पण ते बटण शेवटी कॉम्प्युटरचं. बंद करायला ते जरा वेळ दाबून धरावं लागतं, हे दुसऱ्यांना शिकवण्यात त्याची हयात गेली होती. घाबरलेला गानी ते नुसतं टकटक दाबत राहिला. प्लग काढावा तर प्लग दिसेना. शेवटी चाचपडत त्यानं खिडकी उघडली आणि सगळा ढग गल्लीत सोडून दिला.

त्या महिन्यात गल्लीतली दोन मुलं डेंग्यूनं आजारी पडली होती. धूरफवारणी करा म्हणून लोक बारांगायच्या म्हणजे वॉर्डाच्या मेंबरच्या, डेल्फिनच्या, मागे लागले होते आणि डेल्फिन 'बघतो' म्हणत होता. सगळे जिला मानांग म्हणजे ताई म्हणत त्या शेजारच्या टेरियानं खिडकीतून येणारा ढग पाहिला आणि फवारणी आली म्हणून हाळी दिली. त्यानंतर काय करायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. भातावर झाकणं पडली, झुंजीचे कोंबडे काखेत आले, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचललं, आणि सारी गल्ली नाकाला रुमाल लावून बास्केटबॉलच्या मैदानावर जमली. यंदाच्या धुराला पांदानचा वास आहे, म्हणजे बारांगायकडे पैसा आलेला दिसतो, असंही कुणी म्हणालं.

तोवर डेल्फिन तिथे पोचला होता. लोक हात जोडून आभार मानू लागल्यावर त्यानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि ते आभार घेऊन टाकले. शब्द दिला होता तो पाळला, असं म्हणून तो बोलायलाच उभा राहिला. फवारणी गानीच्या खिडकीतून झाली हे कळल्यावर त्यानं गानीलाही पुढे ओढलं. चर्चमधून परतलेली कोन्सिंग गर्दीत उभी होती. लग्नापासून प्रथमच ती नवऱ्याकडे अशी बघत होती की बाकीच्यांनीही बघावं. गानीला ते फार सुखाचं वाटलं. नुसतं गप्प बसलं तरी ढीगही वाचणार होता.

मानांग टेरियाची नात कालच हॉस्पिटलातून घरी आली होती. तिला कडेवर घेऊन टेरिया म्हणाली, "देव तुझं भलं करो रे बाबा. आज पोरीला मच्छरदाणीशिवाय झोपवते. आत तिचा जीव घाबरतो."

गानीनं पोरीकडे पाहिलं. त्या पोरीचे हात काड्यांसारखे झाले होते.

"मच्छरदाणी लाव, मानांग," तो म्हणाला.

"का रे? डास मेले ना?"

"त्यानं डास मरत नाहीत. त्यांना आवडलं असेल फार तर. ते मी मला ओढायला केलं होतं."

कोन्सिंगकडे बघायची गानीची छाती झाली नाही. टेरिया मात्र सावकाश डेल्फिनकडे वळली. "मग मेंबर, तुम्ही शब्द पाळला तो कुठला?"

डेल्फिनला घाम फुटला. बारांगायचं धुराचं मशीन बंद आहे, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, असं तो पुटपुटला, आणि सगळी गल्ली गानीकडे बघू लागली. लोकांनी मशीन तिथेच उचलून आणलं. चालू करणारी बॅटरी मेली होती आणि एक स्विच गेला होता. गानीनं ढिगातून दुसरी बॅटरी आणि स्विच काढून बसवला. मशीन घरघरलं. मग शिक्षा म्हणा की मान म्हणा, तेच मशीन खांद्याला अडकवून गल्लोगल्ली फिरायचं काम गल्लीनं त्यालाच दिलं. डिझेलचा धूर नाकातोंडात जाऊन तो इतका खोकला, की सिगारेटचं नाव काढलं तरी त्याला मळमळू लागलं.

दिवेलागणीला तो घरी आला आणि उंबऱ्यावरच थांबला. खोलीला चार भिंती होत्या. त्या त्यानं कितीतरी वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"दिलास?" त्यानं विचारलं.

"दिला," कोन्सिंग म्हणाली.

"सगळा?"

"सगळा. भंगारवाला विचारत होता, खांद्याला मशीन अडकवून फिरतोय तो नवराही द्यायचा का. मी म्हटलं, राहू दे. तो आज चारचौघांत खरं बोललाय."

कोन्सिंगनं आतून खुर्ची आणली आणि खोलीच्या मधोमध ठेवली. तो बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की स्वतःच्या दुकानात आपण आज पहिल्यांदाच बसलो आहोत.